माझ्या वतीने

३१ ऑगस्ट, रविवार

आजही काही नाही.

सातची मराठी मिस्सा. फादर प्रवचनात मनाच्या शांतीबद्दल बोलत होते आणि बाहेर गणपतीच्या मांडवातून ढोल. सगळे हसले, फादरही. कम्युनियन घेतलं, जागेवर येऊन गुडघे टेकले, डोळे मिटले. आत काय, तर दुपारच्या कोळंबीत वांगी घालायची की नकोत. बस. याच्यापलीकडे काही नाही.

मग नेहमीसारखं फादरांनी रोझमावशीसाठी डबीत ख्रिस्तशरीर, कम्युनियनची ती पातळ चकती, ठेवून दिलं. डबी गळ्यात, ओढणीच्या आत. वाटेत कोणाशी गप्पा मारायच्या नाहीत असा नियम. गावठाणात शिरलं की चारजणी तरी "काय फिलू" करतात, मी नुसती मान हलवून पुढे. त्यांना वाटतं, केवढी भक्ती.

रोझमावशीकडे सगळं मांडून तयार. स्टुलावर पांढरं कापड, मेणबत्ती, क्रूस, पाण्याचा ग्लास. तिची सून बर्नी दर रविवारी कापडाला इस्त्री करते. मावशी उशीला टेकून बसलेली, केस विंचरून, तोंडाला पावडर. कंबर मोडल्यापासून तिने उंबरठा ओलांडलेला नाही. "ख्रिस्ताचं शरीर," मी म्हटलं. "आमेन," ती. शेजारच्या बिल्डिंगीत ऐकू जाईल असं.

नंतर ती डोळे मिटून बसते. मी तिच्या तोंडाकडे बघत बसते. खरं लिहायचं तर मत्सर वाटतो. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचा मत्सर! वा फिलोमिना.

३ सप्टेंबर, बुधवार

लॅबमध्ये आज तुफान गर्दी. सगळ्यांना मोदक खाऊन झाल्यावर शुगर तपासायची असते. एक बाई सुई बघून "देवा, देवा" करत होती. मी म्हटलं, "इकडे बघू नका, भिंतीवर बघा." रक्त घेऊन झालं तरी तिचं चालूच. तिला आहे बाबा कोणीतरी.

मला कधीपासून नाही, आठवत नाही. हाच वैताग आहे. काही झालंच नाही. कोणी अकाली गेलं नाही, मुलगी बंगलोरला मजेत, विल्फीसारखा नवरा, दारू नाही, मार नाही. निदान एखादं मोठं दुःख असतं तर बोट तरी दाखवता आलं असतं, की हे बघ, इथे माझी श्रद्धा मोडली. माझी मोडली नाही. टाकीला बारीक गळती असावी आणि एक दिवस नळ सोडला तर नुसती हवा, तसं.

लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासात, कन्फेशनला सांगून पाहिलं होतं. फादर म्हणाले, प्रार्थना करत राहा. कोणाला?? ते विचारायचं राहिलं.

७ सप्टेंबर, रविवार

मावशीकडे. डबी, मेणबत्ती, आमेन. आज तिला खोकला होता. पाणी पाजलं.

विल्फी म्हणतो, बांद्र्याच्या जत्रेला पुढल्या आठवड्यात मंगळवारी जाऊ, गर्दी कमी. त्याला माउंट मेरीच्या मोत माउलीपेक्षा तिथला तिळाचा लाडू जास्त दिसतो. तरी मेणाचं घर घेऊन वाहणार. मुलीला फ्लॅट व्हावा म्हणून. म्हटलं, "तुझा विश्वास आहे, मेणाचं घर दिलं की फ्लॅट मिळतो?" तर म्हणाला, "अगं पण न देऊन बघायचं कशाला?"

याच्याशी काय बोलायचं.

१४ सप्टेंबर, रविवार

आज वाट लावली मी.

सगळं नेहमीसारखं. मी डबी उघडली, मावशीने हात धरला. म्हणाली, "फिलू, बर्नीच्या भावाचं ऑपरेशन हाय शुक्रवारी. तू माग त्याच्यासाठी. तुझं ऐकतो गो तो. दर रविवारी हातात घेऊन फिरतेस त्याला."

दुसरं काहीही बोलली असती तर चाललं असतं. मी म्हटलं, "मावशी, माझं कोणी ऐकत नाही. मी मागतच नाही. मला तिथे कोणी आहे असं वाटतच नाही." एकदा तोंड सुटलं ते सुटलं. म्हटलं, ही डबी मी पोस्टमनसारखी आणते. त्यात काय आहे मला माहीत नाही.

मावशीने धरलेला हात सोडला. मग म्हणाली, "कधीचं?" मी म्हटलं, खूप वर्षांचं. "मंग माझ्या तोंडात का घालतेस?"



मग तिचा आवाज चढला. मावशीला रागावलेली मी माझ्या लग्नातसुद्धा बघितली नव्हती, आणि तेव्हा बँडवाला दोन तास उशिरा आला होता. म्हणाली, "तुझ्या बाप्तिस्म्याला तू एवढीशी, कुंचीत. फादरनी विचारलं, देवावर श्रद्धा हाय का? तू काय बोलणार? मी बोलले. तीनदा विचारलं, तीनदा बोलले, हाय. तुझी धर्ममाता म्हणून बोलले. मला खोटं पाडलंस तू."

आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मी "मावशी, मावशी" करत राहिले. तिचे ओठ घट्ट. बर्नी दारात पदराला हात पुसत उभी. तिने मेणबत्ती विझवली.

डबी मिटून घरी आले. वि.ला काही सांगितलं नाही. जेवले नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार



लॅबमध्ये दुपारी डबा काढायला पर्समध्ये हात घातला तर बोटाला लागली ती डबी. काल मावशीने घेतलं नाही, म्हणजे मी परत नेऊन द्यायला हवं होतं किंवा स्वतः घ्यायला हवं होतं. दोन्ही केलं नाही. रडत घरी आले, गळ्यातून काढून पर्समध्ये टाकली आणि विसरले. ख्रिस्तशरीर रात्रभर माझ्या पर्समध्ये. कंगवा, रिक्षाची चिल्लर आणि क्रोसिनच्या पाकिटाबरोबर.

 डबा तसाच टाकला. कुठे ठेवू सुचेना. टेबलावर रक्ताच्या बाटल्या. फ्रीजमध्ये लोकांची सँपल. शेवटी पर्स पोटाशी धरून उभी राहिले, डॉक्टर म्हणाले काय झालं, म्हटलं घरी इमर्जन्सी. रिक्षात पर्स मांडीवर, दोन्ही हात वर. रिक्षावाल्याने गाणं लावलं होतं, बंद करायला सांगितलं. त्याला वाटलं कोणी गेलं.

फादर जेवून झोपायच्या बेतात. पायात स्लिपर, तसेच चर्चमध्ये आले. डबी घेतली, गुडघा टेकला, वेदीमागच्या पेटीत ठेवून दिलं. मग बाकावर बसलो दोघं. सगळं सांगितलं. मावशीचंही.

फादर माझ्या मुलीएवढे. वसईचे, बोलताना मधेच गावाकडचा हेल लागतो. म्हणाले, "आंटी, विश्वास नाही म्हणता, मग एवढ्या घाबरलात का?"

मला ते ऐकून इतका राग आला! म्हटलं, "फादर, मी पालीला पण घाबरते. घाबरणं म्हणजे श्रद्धा का?"

 मग म्हणाले, "नाही. बरोबर आहे तुमचं." याने आणखीच वाईट वाटलं. वाद घालतील अशी आशा होती.

म्हटलं, हे काम दुसऱ्या कोणाला द्या. तर म्हणाले, दुसऱ्या कोणाला म्हणजे कोणाला, एक अंकल आहेत त्यांचे गुडघे गेलेत. "मावशींकडे मी पाठवतो कोणीतरी. डबी सध्या तुमच्याकडे राहू दे. रिकामी."

रिकामी डबी कपाटात ठेवलीये. साड्यांखाली.

२१ सप्टेंबर, रविवार

मावशीकडे गुडघेवाले अंकल गेले. मी गल्लीतल्या क्रुसापाशी उभी राहिले. उगीच. अंकल दहा मिनिटांत बाहेर आले, म्हणाले, छान घेतलं त्यांनी. जणू औषध.

संध्याकाळी वि.ला सांगून टाकलं. तो टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाला, "बोलायची काय गरज होती गं म्हातारीला?" म्हटलं, खरं होतं म्हणून. "सगळ्यांचंच तसं असतं थोडंफार." म्हटलं, तुझंही? तर विचारात पडला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, "मी आत बघतच नाही ना. जातो, उभा राहतो, येतो."

मग आवाज मोठा केला. तो सुखी आहे. मला त्याच्यासारखं का नाही राहता येत?

२८ सप्टेंबर, रविवार

बर्नीचा फोन नाही. माझाही नाही.

बर्नीच्या भावाचं ऑपरेशन नीट झालं असं बाहेरून कळलं. मी मागितलं नव्हतं.

५ ऑक्टोबर, रविवार

आगेरा, आमचा नव्या पिकाचा सण. चर्चसमोर भाताच्या लोंब्यांची टोपली, बँड, बायका लुगडी नेसून. आमच्याकडे शेतं होती तिथे आता मेट्रोचे खांब आणि हॉटेलं, लोंब्या कोणीतरी वसईकडून आणतं. तरी आशीर्वाद त्याच थाटात. शेत नाही तर नाही, आगेरा हाय, असं मावशी म्हणायची.

मिस्सा संपते तोच बर्नीचा फोन. मावशीचा निरोप, शब्दाला शब्द: "फिलूला म्हणावं, कणीस घेऊन ये. ते तरी आणशील ना खोटं न बोलता?"

धावतच गेले. साठीला आलेली बाई, लोंब्या हातात धरून गल्लीतून पळतेय. लोकांनी बघितलं, बघू देत.

मावशी बारीक झालीये. कणीस हातात घेऊन वास घेतला. एक दाणा नखाने सोलला, चावला. मग म्हणाली, "बस." बसले.  मग म्हणाली, "मी रोज सगळ्यांचं मागते. तुझ्या पोरीचं मागते, विल्फीचं मागते, त्याच्या बीपीचं. तुझं कधी मागितलंच नाय. मला वाटलं तुला लागत नाय."

मी रडायला लागले. तीही. बर्नी चहा घेऊन आली, आम्हाला बघून तशीच परत गेली.

मग नाक पुसून मावशी एकदम जुन्या आवाजात, "बघ, मी अंकलच्या हातून घेते. त्याचं काय नाय. पण तुझ्या हातून घ्यायचं हाय मला. तुला वाटंल तेव्हा आण. खरं वाटंल तेव्हाच. उगीच माझ्यासाठी नको."

म्हटलं, मावशी, आणि नाहीच वाटलं तर?

"मी थांबते," म्हणाली. "मला कुठे जायचंय?"

१२ ऑक्टोबर, रविवार

जपमाळेचा महिना, रोज संध्याकाळी क्रुसापाशी प्रार्थना. या आठवड्यात एकही दिवस चुकवला नाही. मणी ओढते. कसून लक्ष देते. नमो मरिया म्हणताना मावशी थांबलीये हे डोक्यात. परीक्षा तोंडावर आल्यावर पाठांतर करणाऱ्या पोरासारखं चाललंय माझं.

काही नाही.

एकदा वाटलं, जाऊन सांगावं की झालं मावशी, आला विश्वास. किती खूश होईल. पण तिने घातलेली अटच तेवढी आहे आणि तेवढीच मला पुरी करता येत नाही.

देवा, तू असशील तर तिच्यासाठी तरी. माझ्यासाठी राहू दे.

हे लिहिलं खरं. कोणाला लिहिलं?

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

मावशीला झटका आला. बर्नी सकाळी तोंड धुवायला पाणी घेऊन गेली तर उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. हॉस्पिटल. मी पोचले तेव्हा आत घेईनात. बाहेरच्या खुर्चीवर बर्नी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. तिच्या पदराला इस्त्रीचा वास येत होता.

मला कुठे जायचंय म्हणाली होती.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

घरी आणली. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा. म्हणजे काय ते कळलं. गावठाणाच्या बाहेर सगळीकडे फटाके, दारं-खिडक्या लावून घेतल्या. मी सुट्टी टाकलीये. रक्त काढून घेण्याशिवाय मला काही येत नाही आणि इथे काढून घ्यायचं काही नाही. पाठ पुसते, ओठ ओले करते.

डोळे स्वच्छ आहेत. सगळं कळतं तिला. माझ्याकडे बघते आणि मला तो प्रश्न दिसतो. मी मान हलवते, नाही मावशी, अजून नाही. ती डोळे मिटते.

खोटं बोलायला किती सोपं आहे आता. नुसती मान उभी हलवायची.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज फादर आले. कपाळाला, हाताला पवित्र तेल लावलं. मग शेवटचं कम्युनियन. त्याच्या आधी बाप्तिस्म्याचे प्रश्न पुन्हा विचारतात, हे मी विसरूनच गेले होते.

फादरांनी विचारलं, "रोझ, देवपित्यावर तुमची श्रद्धा आहे का?"

मावशीच्या घशात नुसती घरघर. ओठ डावीकडे ओढले गेले. काही येईना. तिची घालमेल बघवेना. फादर थांबले. बर्नी हुंदके देत होती, तिच्याकडून शक्य नव्हतं. मावशीने माझ्याकडे बघितलं. डाव्या हाताने मनगट धरलं माझं. जोर होता त्यात.

मी म्हटलं, "आहे."

पुत्रावर? आहे. पवित्र आत्म्यावर? आहे. तिन्ही वेळा स्पष्ट बोलले. ते खोटं नव्हतं. तिची श्रद्धा होतीच. मी नुसतं सांगितलं.

मग फादरांनी आपली डबी माझ्यापुढे केली. इतकुसा तुकडा. हळूच म्हणाले, "आंटी, तुम्ही द्या. त्यांची इच्छा आहे."

लिहायला जड जातंय पण लिहिते. मी दिलं नाही. हात पुढे झाला होता माझा. मावशी बघत होती. मी आत बघितलं, सगळीकडे बघितलं, कोपरान् कोपरा. म्हटलं, "नाही फादर. मावशी, अजून नाही गं. माफ कर."

फादरांनी दिलं. बर्नीने चमच्याने पाणी पाजलं. बर्नी आता माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मरणाऱ्या बाईची एवढीशी इच्छा, आणि ही बया खरेपणा धरून बसली. बरोबरच आहे तिचं. दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

नंतर मावशीने डावा हात उचलला. माझ्या कपाळापर्यंत आणला, अंगठा टेकवला. क्रूस काढत होती. वरून खाली एक रेघ झाली. आडवी व्हायच्या आत हात पडला. मी तो धरून बसले. रागावली नव्हती. रागावली असती तर मला कळलं असतं, आता मला तिचा राग माहीत आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

पहाटे गेली. मिस्सेच्या घंटेआधी.

२७ ऑक्टोबर, सोमवार

मयत. अख्खं गावठाण. बँड नको म्हणाली होती, बँडवाल्यांवरचा राग शेवटपर्यंत. मी माती टाकली. फादर पुनरुत्थानाचं बोलले. सगळे आमेन म्हणाले, वि. सगळ्यांत मोठ्याने, रडत रडत.

बर्नीने घरी गेल्यावर ते स्टुलावरचं पांढरं कापड माझ्या हातात दिलं. "तुम्हीच ठेवा," म्हणाली. रागाने की मायेने, कळलं नाही. विचारलं नाही.

आत्तापर्यंत एक माणूस होतं जगात ज्याने माझ्या वतीने हो म्हटलं होतं. मला काही वाटो न वाटो, तिकडे तिचं 'हाय' जमा होतं. मला माहीतही नव्हतं की मी त्याच्यावर जगत होते. आता माझ्या वतीने बोलणारं कोणी नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

मृतांचा दिवस. दफनभूमीत मेणबत्त्या, झेंडूचे हार, पोरं वितळलेल्या मेणाचे गोळे करत होती. मावशीची माती अजून ओली. बर्नी आणि मी मिळून फुलं लावली. तिने विचारलं, "आईंना कम्युनियन द्यायला तुम्ही आजही नाही म्हणाल?" म्हटलं, हो. ती म्हणाली, "आईंना तुम्ही खोटं दिलं असतं तर त्यांनी थुंकून टाकलं असतं. तोंड वाकडं होतं तरी." आणि हसली. मग दोघींना हसू आवरेना, बाजूचे लोक बघायला लागले.

९ नोव्हेंबर, रविवार

मिस्सेआधी डबी फादरांना परत दिली. काही बोलले नाहीत, घेतली. फक्त म्हणाले, "येत जा हं." म्हटलं, मी कुठे जातेय?

बोलून गेले आणि मग लक्षात आलं, हे मावशीचं वाक्य.

शेवटून तिसऱ्या बाकावर बसले. कम्युनियनला ओळ उठली. मी उठले नाही. आयुष्यात पहिल्यांदा. मावशीच्या तोंडात घातलं नाही, मग स्वतःच्या कसं घालू? शेजारची बाई म्हणाली, "येताय ना?" म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. गुडघे आवळून वाट दिली. वि.ने वळून बघितलं, थबकला, ओळीबरोबर पुढे गेला.

इतकी वर्षं घेत होते तेव्हा वांगी आणि कोळंबी. आज सगळे हात पसरून पुढे चाललेले, म्हाताऱ्या, पोरं, तो जाड्या मेडिकलवाला, आणि मी बाकावर.  मला ते हवं होतं. विश्वास आला असं नाही, तसलं काही नाही, उगीच काय लिहू. आत तसंच रिकामं. पण हवं होतं, इतकं, की बाकाची कड धरून ठेवली. लहान पोरीसारखी रडले. लोकांना वाटलं मावशीसाठी.

वि. परत येऊन बसला. तोंडात अजून होतं त्याच्या, बोलला नाही. रुमाल दिला.

घरी आल्यावर भात लावला. शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भात करपला.